दिगुराला जाताना : काय घेतले, काय घरी ठेवले

आंबे तोलायचा आमचा स्प्रिंगचा काटा गेल्या डिसेंबरात आठ दिवस दाराच्या कडीला टांगलेला होता. तिकिटावर माणशी 20 किलोची मर्यादा. मी बॅग भरायची, काट्याला लावायची, पुन्हा उपसायची. सासूबाई पलंगावर बसून तसबीह फिरवत सगळे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाण्यात बुडायला जाताय ना? मग एवढं कशाला? तुझे सासरे जहाजावर होते, एका पेटीत वर्ष काढायचे."

आम्ही निघालो होतो मालदीवला. रिसॉर्टवर नव्हे, ते आमच्या खिशाबाहेरचे. दक्षिण आरी अ‍ॅटॉलमधल्या दिगुरा या वस्तीच्या बेटावर, गेस्टहाऊसमध्ये. मालेहून स्पीडबोटीने सुमारे दोन तास. दिवेही भाषेत दिगु म्हणजे लांब. आपल्या 'दीर्घ'चे सख्खे भावंड. बेटही तसेच, तीनेक किलोमीटर लांब आणि चालता चालता दोन्ही बाजूंचा समुद्र दिसेल इतके अरुंद. अ‍ॅटॉल हा शब्दही जगाने याच भाषेकडून घेतला आहे.

मी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी सानिया, दोघींनी त्याआधी पाण्याखाली 18 मीटरपर्यंत जाण्याचा प्राथमिक कोर्स केला होता. त्याची ओढ लागली तारकर्लीला. तिथे एमटीडीसीचे स्कूबाचे प्रशिक्षण केंद्र आहे. मालवणच्या गढूळशा पाण्यात हात लांब केला तर बोटे दिसतील एवढाच उजेड त्या दिवशी होता, तरी सानिया वर आली ती हसतच.

आता सामान. पहिल्यांदा जाणारी माणसे दुकानात जाऊन सगळेच विकत घेतात किंवा काहीच घेत नाहीत. माझा हिशेब साधा होता : जे तोंडाला आणि पायाला लागते ते आपले, बाकी भाड्याचे. सिलिंडर आणि शिशाची वजने डाइव्ह सेंटर देतेच. रेग्युलेटर आणि हवेचे जाकीट, ज्याला बीसीडी म्हणतात, मिळून पाच-सहा किलो होतात. वर्षातून एकदा बुडी मारणाऱ्याने ते विकत घेऊन सांभाळत बसू नये. फक्त तिथे गेल्यावर जाकीट फुगवून, रेग्युलेटरमधून श्वास घेऊन तपासून घ्यावे, आणि संकोच करू नये.

मास्क मात्र स्वतःचाच हवा. दुकानात पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास ओढायचा. हात काढल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. मला उणे तीनचा चष्मा आहे, म्हणून मी नंबरची काच बसवून घेतली. पाण्याखाली वस्तू पाव अंतराने जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठ्या दिसतात, पण त्याने चष्मा सुटत नाही. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. आतून टूथपेस्टने दोन-तीनदा घासला नाही तर पाण्यात सारखा धुके धरतो. मास्क कडक डबीत घालून हातातल्या बॅगेत.

मास्कची किनार वरच्या ओठावर टेकते, तिथे मिशी असली की पाणी झिरपते. आमच्या ह्यांची मिशी बारीक कातरलेली आणि दाढी किनारीच्या खाली, त्यामुळे त्यांना काही त्रास नव्हता. त्याचे त्यांनी फार कौतुक करून घेतले.

आता आपल्या बहिणी मला हमखास विचारतात ते : कपडे. तिथले पाणी 28-29 अंशांचे, तरी अर्ध्या-पाऊण तासात अंग गार पडतेच. म्हणून तीन मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा वेटसूट बहुतेक सगळेच घालतात, पुरुषही. कोरल खरचटत नाही, ऊन लागत नाही. तो अंगाला घट्ट असतो, म्हणून बोटीवर घालायला मी एक ढगळ, गुडघ्याखाली जाणारा टेरीकापडाचा झगा शिवून घेतला. पाण्यात उतरायच्या क्षणी काढायचा, वर आल्या आल्या घालायचा. सगळ्या सामानात सर्वांत जास्त वापरला गेला तो हाच.

डोक्याला साधा स्कार्फ चालत नाही. कापड प्रवाहात फुलते, नळीत अडकते, आणि त्याची कड मास्कखाली गेली की पाणी आत. पातळ लायक्राचे हूड मिळते, केस आणि मान झाकणारे. ते आधी घालायचे, कपाळावरची कड मास्कच्या किनारीबाहेर ठेवायची, पट्टा हूडवरून. घरच्या बादलीत तोंड घालून मी ही तालीम चार दिवस केली. बेटावर गेल्यावर पाहिले तर तिथल्या बायका अशाच झाकलेल्या कपड्यांत मुलांना पोहायला शिकवत होत्या; माझ्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

हातमोजे घेऊ नका. मोजे असले की हात कोरलला धरायला जातो, आणि कित्येक सेंटर ते घालूच देत नाहीत. शंख, कोरल, वाळू देशाबाहेर नेणे तर कायद्यानेच बंद आहे. मुलांना आधीच सांगून ठेवावे.

हे सगळे बसत आले असताना सेंटरकडून आरोग्याचा फॉर्म आला. हे तिथे जाऊन कोर्स करणार होते, म्हणून तिघांचे तीन फॉर्म. ह्यांना लहानपणी दमा होता. अजूनही पावसाळ्यात एखाद-दुसऱ्या वेळी पंप लागतो. ह्यांनी पेन उचलले आणि म्हणाले, "नाही लिहितो. चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट."

मी म्हटले, "अहो, पंप तर मागच्या जुलैत घेतलात."

त्या रात्री आमचे बोलणे झाले नाही. सकाळी सानियाने पुस्तक उघडून अब्बांसमोर ठेवले. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती घेऊन माणूस वर आला की आतली हवा दुप्पट फुगते. श्वास सोडत राहिले तर ती निघून जाते. पण दम्याने नळ्या आवळल्या आणि हवा अडकली, तर फुप्फुस फाटू शकते. शिवाय सिलिंडरची हवा कोरडी आणि थंड, ती स्वतःच दमा उठवू शकते. पुस्तक वाचून हे काही बोलले नाहीत, पण छातीच्या डॉक्टरांकडे आले. फुंकायची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "मी सही करणार नाही. वरवर पोहा, खुशाल पोहा. सिलिंडर नाही."

घरी येऊन मी सामान पुन्हा उपसले. ह्यांचा मास्क राहिला, सोबत स्नॉर्केल, फिन्स, लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट आणि पंप, एक बोटीवरच्या कोरड्या पिशवीत आणि एक खोलीवर. पाठ तासन्‌तास उन्हात राहणार म्हणून झिंक ऑक्साइडचे मलम. माझ्या मनात भलतीच धाकधूक होती. खाली मी आणि मुलगी, वर हे एकटे.

किरकोळ गोष्टी पटकन सांगते. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी. सर्दी असेल तर गोळी घेऊन बुडी मारू नये. खाली असताना गोळीचा असर उतरला की वर येताना कान दगा देतात. डाइव्ह कॉम्प्युटर आणि फुगवायची नारिंगी नळी भाड्याने मागून घ्या. प्रवाह असलेल्या समुद्रात बोटवाल्याला तुम्ही दिसता ते त्या नळीमुळे. पातळ जानमाज झिपच्या पिशवीत. दुपारची बोट कधी उशिरा परतते. खायचे काहीही नेऊ नका. सकाळी मास हुनी मिळते, ट्यूना, ओले खोबरे, कांदा, मिरची, लिंबू, सोबत रोशी. खोबऱ्यात कालवलेले मासे खाताना ह्यांना आजोळ आठवले.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी वीसेक मिनिटे खाली होतो. पिवळ्या माशांचा थवा, एक कासव, सानियाच्या नळीतून निघणारे बुडबुडे. वर आलो तर बोटीवर आरडाओरडा. दक्षिण आरीत व्हेल शार्क वर्षभर फिरतो, आणि पुष्कळदा अगदी पृष्ठभागाजवळ. तो ह्यांच्या खालून गेला होता, बसएवढा, ठिपक्यांचा. हे शिडीला धरून धापा टाकत होते. मी घाबरून आधी पंपाची पिशवी शोधली.

"पंप नको," हे म्हणाले, "पाणी दे."

परतीचे विमान दुपारी बाराचे होते. अनेक बुड्या मारल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावे लागतात, म्हणून आदल्या दिवशी सकाळीच शेवटची बुडी. दुपारभर गेस्टहाऊसच्या अंगणात गोड्या पाण्यात सगळे खळबळून वाळत घातले. वेटसूट तरी ओलाच राहिला, आणि ओला वेटसूट किती जड होतो हे घरच्या काट्याने सांगितलेले नव्हते. मालेच्या विमानतळावर दीड किलो जास्त भरले. झगा बॅगेतून काढला आणि अंगावर चढवून मुंबईला आले.