पाचास एक

लाकडी होडीला एपॉक्सी लावावं की पॉलिस्टर, या प्रश्नावर आमच्या खाडीकाठी अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. यंदा मे महिन्यात मामूंच्या होडीपायी अशा तीन-चार गेल्या. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. होडीतलं मला कळतं ते बसण्यापुरतं. पण डब्यावरच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि त्या कारागिरांना समजतील अशा लिहून द्यायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला बोलावणं आलं.

होडी जुनी, फळ्यांची, दाभोळच्या खाडीतली. तिला इंजिन बसून बरीच वर्षं झाली, तरी वारा असला की मामू शीड चढवतात. डिझेल वाचतं म्हणतात, पण ती हौस आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुकाणूची फळी मधोमध चिरली होती, शिडाच्या परबाणाला लांब भेग गेली होती आणि तळाला दोन-तीन सांध्यांतून पाणी झिरपत होतं. मामूंचा मुलगा कुवेतला बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात होता, आता कायमचा परत आलाय. त्याचं म्हणणं, सगळ्या होडीवर काचेचं कापड आणि एपॉक्सी चढवून टाकू, रोजची कटकट संपेल.

मदतीला आलेल्या दोन कारागिरांचा हात फायबरच्या होड्यांवर बसलेला, म्हणजे पॉलिस्टर रेझिनवर. ते स्वस्त पडतं आणि फायबरच्या नव्या होडीला ठीक आहे. पण जुन्या लाकडाला ते एपॉक्सीसारखं घट्ट धरत नाही, काही काळाने सुटतं. शिवाय त्यात हार्डनर लागतो शेकडा एक-दोन टक्के, आणि घाई असली की कारागीर थोडा जास्त टाकतो, काम लवकर सुकतं. खरी भीती या सवयीची होती. एपॉक्सीत हार्डनर हा रेझिनचा बरोबरीचा जोडीदार असतो. दोघं एकमेकांत बांधले जातात तेव्हाच ते कडक होतं. जास्तीच्या हार्डनरला बांधून घ्यायला कुणी उरत नाही. तो तसाच आत राहतो आणि सांधा कमजोर होतो. घरातल्या अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबही एपॉक्सीच. त्या सारख्याच पिळायच्या हे आपण निमूट पाळतो. आमच्या डब्याचं प्रमाण होतं पाचास एक, मापाने. शंभर मिलीला वीस मिली. वजनाने घ्यायचं तर आकडा वेगळा, कारण हार्डनर हलका असतो. म्हणून कागदावर पहिली ओळ लिहिली: "मापाने पाचास एक. घाई असली तरी पाचास एक."

कागदाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू, कारण दोघांपैकी एक जण उर्दू शाळेत शिकलेला. दोन्हीकडे सगळ्यात जास्त अडले ते कातडीच्या इशाऱ्यापाशी. 'त्वचेस संवेदनशीलता निर्माण होऊ शकते' असं शुद्ध मराठी मला सहज लिहिता आलं असतं, आणि ते वाचून कुणी हातमोजे घातले नसते. मामूंच्या मुलाच्या मनगटांवर लाल चट्टे आहेत. कुवेतला वर्षानुवर्षं उघड्या हाताने काम केलं, सुरुवातीला काहीच झालं नाही, आणि मग एकदा बाधलं ते कायमचंच. आता ओला एपॉक्सी जवळ असला तरी त्याला खाज सुटते. परत येण्याचं तेही एक कारण, घरात त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. आमच्या कामातही तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहून नुसतं सांगत होता. म्हणून मी लिहिलं: "आज काही होत नाही म्हणून हात लावू नका. एकदा बाधलं की जन्मभर बाधतं, मग हा धंदा सोडावा लागतो. हात थिनरने पुसू नका, साबण-पाण्याने धुवा." थिनरचं मुद्दाम लिहिलं. सगळे तेच करतात, आणि त्याने औषध कातडीत आणखी मुरतं.

उरलेलं सोपं होतं. लाकूड आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मीठ काढायचं, मग चांगलं वाळू द्यायचं. आमच्याकडे ते मेमध्येच जमतं. होड्या शाकारलेल्या असतात तेव्हा कारागीर मोकळे असतात खरे, पण पावसाळी हवेत एपॉक्सीवर मेणासारखा थर येतो, तो पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा हात बसत नाही. मेचा त्रास वेगळा. दहा अंश उष्णता वाढली की सुकण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. डब्यावर पंचवीस अंशांना अर्धा तास लिहिला असेल, तर पस्तिसाला पाव तास धरायचा. त्यात खोल डब्यात कालवलं तर ते स्वतःच्या उष्णतेनेच तापतं, कधी धूरही निघतो. म्हणून थोडं थोडं कालवायचं आणि पसरट ताटलीत ओतायचं. भेगेत भरायला लाकडाचा बारीक भुसा घालून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं, पण त्याआधी पातळ एपॉक्सीचा एक हात लाकडाला पिऊ द्यायचा.

सुकाणू आणि परबाण असे झाले. तळाचं मात्र मामूंनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, फळ्यांची होडी पाण्यात फुगते, उन्हात आकसते, लाटेवर सांध्यासांध्यातून हलते. तिच्यावर कडक कवच चढवलं तर ते कुठेतरी चिरणारच, मग आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नाही आणि लाकूड आतून कुजणार. मुलगा म्हणाला, "बाबा, यार्डात आम्ही कितीतरी बोटींना केलंय." मामूंनी विचारलं, "जुन्या, फळ्यांच्या?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, बहुतेक प्लायवूडच्या. प्लायवूड फारसं हलत नाही, त्याला हे कवच शोभतं. मला मामूंचं पटलं. नंतर त्यालाही पटलं असावं, निदान त्याने विषय काढला नाही.

तळाच्या सांध्यांत पूर्वीसारखाच कापूस ठोकला आणि चंद्रूस-तेल भरलं. जुन्या उर्दू कोशांत या कामाला 'कालापत्ती' म्हटलंय, पोर्तुगीजांच्या 'कालाफाते'चा तो भाऊबंद. मामूंना सांगितलं तर म्हणाले, "नाव काहीही असू दे पोरी, कापूस घट्ट बसला पाहिजे."

सुकाणूवर रंगाचा एक हात झालाय, दुसरा बाकी आहे. तो पावसाआधी द्यायलाच हवा, कारण एपॉक्सी पाण्याला दाद देत नसला तरी उन्हाने पिवळा पडतो आणि हळूहळू भुगा होतो. हे कागदावर लिहायचं राहिलं होतं; उर्दूच्या बाजूला खाली जागा होती, तिथे कारागिराने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं.