देवगिरीच्या अलीकडे अडखळणारं विमान



चिकलठाणा विमानतळ आपल्या पुंडलिकनगरपासून फार लांब नाही. विमानाचा आवाज आला की माझ्या तिसरीच्या वर्गातली मुलं अजूनही खिडकीकडे पळतात. म्हणून जिल्हा शिकवताना एकदा वाटलं, नकाशा भिंतीवर टांगण्यापेक्षा यांना जिल्हा वरूनच दाखवू. फ्लाइटगिअर नावाचं विमान उडवायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. 1997 पासून जगभरातले हौशी लोक मिळून ते बनवतायत. त्यात छोटं सेसना विमान आहे आणि आपलं चिकलठाणासुद्धा आहे. पश्चिमेकडे उडायचं, शहर ओलांडायचं, थोडं उजवीकडे वळायचं, की समोर देवगिरी. सरळ अंतर साधारण 21 किलोमीटर, म्हणजे सेसनाने सात-आठ मिनिटं.

पण आमचं विमान देवगिरीला पोचेचना! निघताना छान. शहरावर एखादा झटका. पुढे झटके वाढत जायचे आणि किल्ला जवळ आला की चित्र थांबायचं, उडी मारायचं, परत थांबायचं. "मॅडम, विमान उचक्या देतंय," असं एका मुलीने सांगितलं. याहून नेमकं वर्णन मला आजवर सापडलं नाही.

शाळेतला कॉम्प्युटर एका पालकांनी दिलेला, ऑफिसमधला जुना. दुकानदाराला विचारलं तर त्याने न बघताच सांगितलं, "ग्राफिक्स कार्ड टाका." मी पालकसभेत विषय काढला. 31 पालकांनी दोनशे-दोनशे रुपये दिले, 6,200 जमले. धुणीभांडी करणाऱ्या एका आईने दहा-दहाच्या नोटा मोजून दिल्या. त्या नोटा पर्समध्ये घेऊन दुकानात जाताना पाय जरा जड झाले, म्हणून आधी आमच्या गल्लीतल्या आयटीआयच्या मुलाला गाठलं.

तो म्हणाला, "ताई, आधी रिझोल्यूशन निम्मं करून उडवा." कारण सोपं आहे. चित्र लहान केलं की ग्राफिक्सचं काम कमी होतं. झटके ग्राफिक्समुळे असतील तर ते कमी व्हायला हवेत. आमचे अजिबात कमी झाले नाहीत! कार्डाचा संशय तिथेच पातळ झाला. शिवाय अशा ऑफिसच्या पेटीतला पॉवर सप्लाय लहान असतो, मोठं कार्ड त्याला झेपत नाही, हेही त्याच्याकडूनच कळलं. दुकानदाराने हे सांगायला हवं होतं.

मी म्हटलं, अरे, पण कोपऱ्यात सेकंदाला 30 चित्रं दाखवतंय, म्हणजे ठीकच ना? इथे आपण शिक्षक हमखास फसतो, कारण आपल्याला सरासरीची सवय. समजा 29 चित्रं प्रत्येकी 20 मिलिसेकंदांत आली आणि तिसाव्याला 400 लागले. एकूण 980 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जवळपास 30 चित्रं. आकडा चांगला, पण त्या एका चित्राला डोळा अडकतोच. वर्गाची सरासरी 70 टक्के आली म्हणून मागच्या बाकावरच्याला वाचता येतं असं थोडंच असतं?

मग मी स्वतः एक प्रयोग केला, आणि याचा मला खरंच अभिमान आहे. झटके देवगिरीजवळ येतात की आठ मिनिटांनी येतात, हे कसं ओळखायचं? विमान उडवलंच नाही. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर इंजिन सुरू करून उभं ठेवलं आणि वह्या तपासत बसले. साधारण नवव्या मिनिटाला उभ्या विमानाला उचक्या लागल्या! म्हणजे किल्ल्याचा काही दोष नव्हता. वेळ झाला की काहीतरी तापत होतं.

तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसर 97 अंशांवर, आणि टास्क मॅनेजरमध्ये त्याचा वेग 3.2 गिगाहर्ट्झवरून घसरून 1.3 वर. फार तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला मुद्दाम मंद होतो. एप्रिल महिना, वर पत्रे, आणि कॉम्प्युटर भिंतीला चिकटवून ठेवलेला. झाकण उघडलं तर पंख्याखाली धूळ आणि खडूची भुकटी यांचा अक्षरशः नमदा जमला होता. (कॉम्प्युटर फळ्याशेजारी ठेवायची अक्कल माझीच.) वीज काढून, पंखा पेन्सिलीने अडवून ब्लोअर मारला. पंखा मोकळा सोडून हवा मारली तर तो गरगरतो आणि खराब होऊ शकतो. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. पुन्हा तीच धावपट्टी, अर्धा तास. 74 अंशांच्या वर गेला नाही.

सगळं संपलं असं वाटलं, पण शहरावरचे ते सुरुवातीचे एक-दोन झटके तसेच होते. म्हणजे दुखणी दोन होती. नवा भाग दिसायला लागला की त्याची माहिती डिस्कवरून मेमरीत यावी लागते. आमची मेमरी 4 जीबी, ती आधीच भरलेली, मग विंडोज मेमरीचं काम डिस्कवर ढकलायचं. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के दिसायची. जुन्या हार्डडिस्कची चकती मिनिटाला 7,200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंद, आणि असे शेकडो तुकडे गोळा करायचे. एसएसडीत फिरणारं काही नसतंच.

4 जीबीची जुनी मेमरी 840 रुपयांना घेतली. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्रासाठीही हीच मेमरी वापरली जाते, म्हणून एकसारख्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या की त्याचाही फायदा होतो. एसएसडी 1,800, पेस्ट 150. एक लक्षात ठेवा, तिन्ही गोष्टी एकाच दिवशी करू नका. आम्ही एक बदल करायचो, तेच उड्डाण परत करायचो, वहीत लिहायचो, मगच दुसरा.

एकूण 2,790 खर्च झाला. उरलेले 3,410 म्हणजे प्रत्येकी 110 रुपये परत केले. दहाच्या नोटांवाल्या ताईंनी नोटा मोजल्या, पदरात बांधल्या आणि विचारलं, "मॅडम, पण इमान उडलं का?"

उडलं. सोमवारी तिसऱ्या तासाला देवगिरी आला. किल्ल्याची तटबंदी त्यात नाहीच, नुसती टेकडी. "किल्ला कुठाय?" म्हणून मुलांनी गलका केला, तेव्हा तो फळ्यावर त्यांच्याकडूनच काढून घेतला. मग सगळ्यांना पैठणला जायचं होतं. नाथसागराजवळ अजून एक बारीक झटका बसतो, कारण तो भाग आमच्याकडे इंटरनेटवरून उतरतो. म्हणून आता शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच एकदा पैठणला उडून येते.