विन्य नावाचा रस्ता

चिरंजीवांच्या आग्रहावरून लॉस अँजेलिसला गेलो, तेव्हा युनियन स्टेशनजवळ एका रस्त्याच्या पाटीवर ‘विन्य’ हे नाव दिसले. फ्रेंच भाषेत ह्या शब्दाचा अर्थ द्राक्षवेल. पण ते एका माणसाचे आडनाव होते, आणि आडनावाने त्याचे भविष्य आधीच लिहून ठेवले होते, असेच म्हणावे लागेल.

झां-लुई विन्य यांचा जन्म १७८० सालचा, बोर्दो परिसरातला. लाकडी पिंपे तयार करणे हा त्यांचा व्यवसाय. पंचेचाळिशी उलटल्यावर, बायकामुले मागे ठेवून ते निघाले आणि १८२७ साली हवाई बेटांवर उतरले. त्याच जहाजातून फादर अलेक्सी बाशलो आणि त्यांचे सहकारी त्या बेटांवर पहिले कॅथलिक मिशन स्थापण्यासाठी आले होते. १८३१ साली विन्य कॅलिफोर्नियात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस फादर बाशलो हद्दपार झाले आणि तेही त्याच किनाऱ्याला लागले!

कॅलिफोर्नियात द्राक्षवेल नवी नव्हती. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी मिस्सेच्या द्राक्षारसासाठी ‘मिशन’ जातीची द्राक्षे कधीच लावली होती. बोर्दोच्या जिभेला मात्र ती रुचेनात. विन्य यांनी १०४ एकर जमीन घेतली आणि फ्रान्समधून वेलींच्या काड्या मागवल्या. त्या बॉस्टनमार्गे, केप हॉर्नला वळसा घालून आल्या. एवढा प्रवास सोसून काडी जगते, ह्याचे मला अजून नवल वाटते. १८४० पर्यंत त्यांचा माल समुद्रमार्गे सांता बार्बरा व माँटेरेपर्यंत जाऊ लागला. मळ्यातल्या विशाल वृक्षावरून लोक त्यांना ‘डॉन लुई देल अलिसो’ म्हणत. १८५५ साली त्यांनी मळा सँसव्हँ आडनावाच्या दोघा भाच्यांना ४२,००० डॉलरला विकला. १८६२ साली ते निवर्तले.

इथवर वाचून मी सुखावलो होतो. आपल्या श्रद्धेचा माणूस, मिशनऱ्यांचा सहप्रवासी! पण त्या वृक्षाजवळच यांगना हे मूळ रहिवाशांचे गाव होते, हे पुढे कळले. १८५० नंतर त्या शहरात रविवारी नशेत सापडलेल्या आदिवासींना कोंडून ठेवीत आणि सोमवारी त्यांचा लिलाव करीत. दंड भरणारा मळेवाला त्यांना आठवडाभर राबवी, मजुरीचा काही भाग ब्रँडीच्या रूपाने देई, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मळे बहरले ते ह्याच हातांवर.

त्या रविवारी मुलाबरोबर मिस्सेला गेलो. धर्मगुरूंनी चषक उंचावला. ‘मानवी श्रमांचे फळ’ हे शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. त्या दिवशी मात्र मान वर करणे जड गेले.

परतताना मुलगा म्हणाला, “पप्पा, तो वृक्ष पाहायचा का?” तो १८९० च्या दशकातच तोडला गेला, हे मी वाचले होते. तरीही म्हटले, “चल, जागा तरी पाहू.”