तिजोरीतील रिव्हॉल्वर

वाटण्यांच्या वेळी सोने-नाणे, वखारीचे हिस्से, जुन्या खतावण्या या सर्वांचा हिशेब लागला. आजोबांच्या रिव्हॉल्वरचे काय करावे, हे मात्र कोणास सुचेना. रोकड घेऊन बाजारगावी फिरावे लागे, म्हणून त्यांनी ते परवान्यावर घेतले होते. ‘वेब्ली अँड स्कॉट’, बर्मिंगहॅम, ०.३२ बोअर, सहा गोळ्यांचे चक्र, खटका दाबताच बिजागरीवर मोडून उघडणारी घडण. याच घाटाचे रिव्हॉल्वर पुढे कानपुरातही बनू लागले, तेव्हा ‘जुने आहे, चालणार नाही’ असे कोणी समजू नये. चाप ओढून तर मुळीच पाहू नये.

लॉकरमध्ये ठेवू, असे धाकटे बंधू म्हणाले. लॉकरच्या करारात शस्त्रांना मनाई असते, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या मला सांगावे लागले. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २१ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते. पुढे स्वतःचा परवाना काढता येतो, पात्र व्यक्तीस विकता येते. मुदतीत काहीच न केल्यास ते शासनजमा होते.

गिऱ्हाईक चालून आलेच होते. पण अनर्थदंडाच्या प्रकारांत ‘हिंसादान’ही सांगितले आहे, म्हणजे हिंसेची उपकरणे दुसऱ्यास देणे. विरोधी हिंसेपुरती गृहस्थास सवलत आहे; आजोबांना ती लागू होती, विकणाऱ्या मला कशी लागू व्हावी? शस्त्र ठाण्यात जमा केले, पावती घेतली. मुदत सरू द्यावी, हे बंधूंना अद्याप पटलेले नाही.