वाचन ऐकणारी माणसं

कन्हेरीचा मारुती महाराष्ट्राला ठाऊक आहे तो निवडणुकीमुळे. पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं त्याच्यासमोर फुटत आला आहे. काटेवाडीच्या शेजारच्या या गावची मी सून. मुलगी वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊ लागली आणि पालकसभेनं मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका.

बैठकीतले विषय बहुधा ठरलेले असत: संरक्षक भिंत, पाण्याची टाकी, रंगरंगोटी. लोकवर्गणीला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. उसाचं बिल जमा झालं की माणसं आपणहून पैसे आणून देतात. पण वर्गात पोरं काय वाचतात, हे विचारायला पालक बिचकत. शिकवायचं गुरुजींनी, पैसे द्यायचे गावानं, ही वाटणी सगळ्यांच्या मनात पक्की होती.

ती मोडली राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानं. बारामतीच्या एका महाविद्यालयातली मुलं हिवाळ्यात आठवडाभर मुक्कामी आली. ग्रामसफाई, वृक्षारोपण, प्रभातफेरी असा त्यांचा शिरस्ता. त्यांच्या प्राध्यापिकाबाईंनी आमच्या गुरुजींना विचारलं, “शाळेसाठी काय करू?” गुरुजी म्हणाले, “रंग नको, झाडं नकोत. मला दोन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. एकेका पोराचं वाचन ऐकायला माणसं द्या.”

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात, चिंचेखाली, जिथं सावली मिळेल तिथं एक विद्यार्थी आणि एक मूल अशा जोड्या बसल्या. दुसरीतली एक चुणचुणीत मुलगी धडा घडाघडा म्हणत होती. बोट ओळीवरून फिरत होतं, नजर मात्र कौलांकडे. जवळ बसलेल्या पोरानं हातानं पान झाकलं, मधला एकच शब्द उघडा ठेवला आणि विचारलं, “हा कोणता गं?” मुलगी गप्प झाली. तो शब्द तिनं आत्ताच म्हटला होता. तिला धडा पाठ होता, वाचता येत नव्हता. त्या पोरानं तिला रागावलं नाही. शब्दातली अक्षरं एकेक करून तिच्याकडून ओळखून घेतली, मग जोडून घेतली. शब्द जुळला तेव्हा ती स्वतःशीच हसली आणि पुढच्या शब्दावर तिनं आपणहून बोट ठेवलं.

संध्याकाळी बाईंनी आम्हा पालकांना मुलांची यादी दाखवली: कोण अक्षरापाशी आहे, कोण शब्दापाशी, कोण परिच्छेदापाशी, कोण गोष्ट वाचतं. ‘प्रथम’ संस्था 2005 पासून ‘असर’च्या पाहणीत हीच पद्धत वापरते. हे मोजणं नापास करण्यासाठी नाही, उद्या कुणाला काय द्यायचं ते कळावं म्हणून, असं त्यांनी बजावलं. आपलं मूल नेमकं कुठं अडलंय, हे आमच्यापैकी कितीतरी जणींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण शिबिर संपणार होतं. पुढं काय, असं विचारल्यावर बाईंनी नीरेपलीकडच्या फलटणची गोष्ट सांगितली. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीवर अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. अभ्यास संपला तरी त्या फलटणमध्येच राहिल्या. 1978 मध्ये त्यांनी दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवायला सुरुवात केली. त्यातून पुढं प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. मुंबईत वरळीच्या महापालिका शाळेत ‘मुक्तांगण’नं 2003 पासून आसपासच्याच वस्तीतल्या बायकांना शिक्षिका म्हणून घडवलं, हेही त्यांनीच सांगितलं. शहरातल्या बायका जे करतात ते आम्हाला का जमू नये, असं मनात आलं.

म्हणून आम्ही आयांचा गट केला. शाळा सुटल्यावर, धारा काढायच्या आधी, थोडा वेळ अंगणात बसायचं आणि गल्लीतल्या पोरांचं वाचन ऐकायचं. शेजारच्या काकू आधी तयार नव्हत्या. “मला अक्षर येत न्हाई, मी काय ऐकू?” म्हणाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नातवाला मध्येच थांबवलं. “आरं, मघाशी कोल्हा विहिरीत पडलाय म्हणालास, मग आता रानात कसा आला?” पोरानं मान खाली घालून पुन्हा वाचलं. त्याची एक ओळ सुटली होती. काकूंना वाचता येत नाही, पण ऐकलेल्याचा अर्थ लावता येतो. वाचणाऱ्याला समोर असंच माणूस लागतं.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची पोरं कोपीवर, म्हणजे झोपड्यांत, राहतात. त्यांच्यापैकी काहीजणांकडे त्यांच्या मूळ गावच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी पत्रक असतं, काहींकडे काहीच नसतं. गुरुजी त्यांना वर्गात बसवून घेतात आणि आमच्या अंगणातही ती येऊन बसतात. हंगाम संपून पट्टा पडला की टोळी परत जाते. तेवढ्या महिन्यांत शब्दापाशी अडलेलं मूल परिच्छेदापर्यंत पोचलं, तर ते शिक्षण त्याच्याबरोबर जातं.

या सगळ्यात मला एक गोष्ट पटली. महाविद्यालयाकडे पद्धत आहे, गुरुजींकडे वर्गाची नस आहे, गावाकडे वेळ आणि माया आहे. यातलं एकच असेल तर काम शिबिराबरोबर संपतं. खुद्द पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठानं 1985 पासून आपल्या आवाराशेजारच्या, पश्चिम फिलाडेल्फियातल्या शाळांशी असंच नातं जोडलं आणि पुढची कितीतरी वर्षं टिकवलं. टिकवण्यातच सगळं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात सामुदायिक सहभागाला आणि क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक दिले आहेत. माझी महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे: दरवर्षी नवं गाव शोधू नका. एक शाळा धरा, बारामती शहरातली धरा किंवा आमच्यासारखी वस्तीवरची, आणि तिथं दरवर्षी या. मागच्या तुकडीनं केलेली यादी पुढच्या तुकडीच्या हाती द्या. मधल्या काळात पोरांचं वाचन ऐकायला आम्ही आहोत.