कैची आणि कागद

आमच्याकडे कात्रीला कैची म्हणतात. पुस्तकात कात्री असते, म्हणून मी कात्री लिहितो.

कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदकाम करतो. कात्री चालवली की बोटांना बळ येते आणि पुढे पेन्सील नीट धरता येते, असे गुरुजी सांगतात. जर्मनीत फ्रोबेल नावाचे शिक्षक होते. त्यांनी १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली. त्यांच्या पद्धतीत कागद कापणे हाही अभ्यास होता. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुले शाळेत येत नव्हती, तर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. महागडी खेळणी आणली नाहीत. आजूबाजूला जे सापडेल त्यातूनच त्यांनी शिकवले.

माझी धाकटी बहीण अंगणवाडीत जाते. तिला मी कापायला शिकवले. त्याची रीत अशी.

आधी कात्री द्यायचीच नाही. हाताने कागद फाडू द्यायचा. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ फाटते, आडवे फाडले तर वाकडेतिकडे जाते. मुलांना याची लई मजा वाटते. मग बोथट टोकाची छोटी कात्री द्यायची. अंगठा वरच्या भोकात आणि वरच्या बाजूला पाहिजे. पहिला कागद जाड घ्यावा. पातळ कागद पात्यात दुमडतो. जुनी लग्नपत्रिका सगळ्यात चांगली. तिच्या कडेला नुसते कच्च कच्च कापायचे, की झाले गवत! त्याला हिरवा रंग द्यायचा.

नंतर बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. पट्ट्यांची कडी करून एकमेकीत अडकवली की साखळी होते. मग त्रिकोणी पताका. गोल सगळ्यात शेवटी, कारण गोल कापताना कात्री नाही, कागद फिरवावा लागतो. गोलाला कडेपासून आत आत कापत नेले की साप होतो. दारात टांगला की वाऱ्याने गरगर फिरतो. महाशिवरात्रीला हिमायतनगरला परमेश्वराची यात्रा भरते. तिथून फिरकी घ्या म्हणून लहान मुले हट्ट करतात. चौकोनी कागद चार कोपऱ्यांतून मध्याकडे कापला, पण मध्यापर्यंत नेला नाही, की तशीच फिरकी घरी होते.

माझ्या बहिणीला गवत जमले, पण पट्टी जमेना. कागद कापायच्या ऐवजी दुमडायचा. ती रडकुंडीला आली. "दादा, कैची मला आवडंना!" म्हणाली. ती डावखुरी आहे. आजी म्हणाली, "डाव्या हातानं कशाला करायलीस? उजव्या हातानं कर." उजव्या हाताने तर तिला कात्री उघडताच येईना. अंगणवाडीत पताका करायच्या होत्या आणि ती म्हणाली, मी जाणारच नाही.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, पोरीत काही खोट नाही. बाजारातली कात्री उजव्या हातासाठी बनवलेली असते. उजव्या हाताने दाबली की पाती एकमेकांना चिकटतात. डाव्या हाताने दाबली की त्यांच्यात फट पडते आणि कागद फटीत दुमडतो. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, तिची पाती उलटी बसवलेली असतात. मी बाजारात दोन दुकानांत विचारले, पण मिळाली नाही. मग गुरुजींनी युक्ती सांगितली. डाव्या हाताने कापताना अंगठा तळहाताकडे ओढायचा आणि बोटे बाहेर ढकलायची. मी स्वतः डाव्या हाताने करून पाहिले. खरेच कापले! पण बोटे दुखली.

बहिणीला हे यायला चार दिवस लागले. आता ती डाव्या हातानेच पट्टी कापते. थोडी वाकडी जाते, पण कापते. अंगणवाडीत तिने पाच पताका केल्या. आजी म्हणते, "जेवताना मात्र उजवा हात."

कात्री दुसऱ्याला देताना पाती मिटून आपल्या मुठीत धरावी आणि मूठ त्याच्याकडे करावी. कात्री घेऊन पळू नये.

पालकांना माझी विनंती आहे. जुन्या लग्नपत्रिका चुलीत घालू नका, मुलांना द्या. आणि कुणाचे मूल डाव्या हाताने कापत असेल तर त्याला रागावू नका. आधी त्याची कात्री बघा.