हशाची नोंद

पु. ल. देशपांडे यांचं कथाकथन आमच्या पिढीबरोबर कॅसेटवरून सीडीवर आणि सीडीवरून मोबाइलवर आलं. ध्वनिमुद्रण म्हणजे पुस्तक वाचायचा कंटाळा करणाऱ्यांची सोय, असं काही जाणकार म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. पुलंचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे पुस्तक १९६२ साली आलं आणि त्यातला अंतू बर्वा कागदावर पुरेसा जिवंत आहे. पण ध्वनिमुद्रणात त्याला समोरचं सभागृह येऊन मिळतं. अंतूच्या तिरकस बोलण्यावर हशा उसळतो, पुल तो ओसरू देतात, मग पुढचं वाक्य टाकतात. आणि बायको गेल्यापासून दारचा हापूस मोहरला नाही, हे अंतू सांगतो तेव्हा मघाशी खदखदणारी तीच माणसं गप्प झालेली कळतात. ती शांतता कुठल्याही छापखान्यात जुळवता येणार नाही. दूरचित्रवाणीच्या मालिकांत वरून चिकटवलेलं हसू असतं, त्याच्याशी याची गल्लत करू नये. इथे कुणी आधी हसतं, कुणाला उशिरा उमगतं, आणि सांगणारा त्या मागेपुढेपणावर आपली लय बेततो.

याहून मोठा मुद्दा उच्चारांचा आहे. पुलंनी रंगवलेल्या बेळगावच्या रावसाहेबांचा कानडी हेल आणि त्यांच्या मराठीतली लिंगांची उलथापालथ कागदावर वाचणारा आपल्याच मनातल्या आवाजात वाचतो. ऐकताना तो आवाज त्यांचा होतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथा सांगितल्या, तेव्हा ग्रामीण बोलीला सभागृहात असाच मान मिळाला. आता उरण तालुक्यातलं जासई गाव घ्या. इथली बोली आगरी. तिच्यात ‘मला’चं ‘मना’ होतं, ‘डोळा’चा ‘डोला’, ‘घोडा’चा ‘घोरा’. हे छापलं की शहरी वाचकाला शुद्धलेखनाची चूक दिसते. चांगल्या सांगणाऱ्याच्या तोंडून आलं की चुकीचा प्रश्नच उरत नाही, माणूस दिसतो.

ध्वनिमुद्रणामुळे जिवंत कला गोठते, पुढचे लोक नुसती नक्कल करतात, हा आक्षेप खरा आहे. पुलंचे विराम जसेच्या तसे उचलणारे पुष्कळ झाले. पण नक्कल फोफावते ती नमुना एकच असतो म्हणून. त्यावर उपाय ध्वनिमुद्रण थांबवणं नव्हे, आणखी वीस गावांचे आवाज धरून ठेवणं हा आहे. आगरी विनोदाचे व्हिडिओ मोबाइलवर रग्गड आहेत, हेही मान्य. ते मला आवडतात. मात्र दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यात माणूस उभा राहून पालटत नाही. हसवता हसवता आतलं दुखणं बाहेर काढायला अर्धा तास लागतो आणि समोर आपली माणसं लागतात.

जासईत सांगण्यासारखं कमी नाही. हे प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव. नवी मुंबईसाठी १९७० पासून जमिनी संपादित होऊ लागल्या आणि त्यावरून उठलेल्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. मिठागरं, खाजणातली शेती, लग्नात धवला गाणारी धवलारीण पाहिलेली पिढी आज म्हातारी आहे, आणि ती चेष्टेखोरही आहे. तिच्यातल्या रंगून सांगणाऱ्यांना गावच्याच मंडपात गाववाल्यांसमोर बसवावं, एक माइक त्यांच्यापुढे ठेवावा आणि दुसरा ऐकणाऱ्यांकडे तोंड करून.